चुकून दाबलं गेलं

या, जरा पुढे सरका. दाराशी बसलात तर अर्धं ऐकू येईल आणि अर्धं तुम्ही आपल्या मनाने लावाल, आणि ही गोष्ट तशी लावून चालणारी नाही. जवळ या, मांडी घाला, फोन पालथा ठेवा. एका नोकरदार बाईची गोष्ट सांगते, आणि गळ्यात घालायच्या एका बटणाची. देवाने माणसाला बोलायला तोंड दिलं, पण बोलण्यासाठी निमित्त शोधायचं काम मात्र त्याच्याच गळ्यात घातलं. का घातलं ते त्याचं त्याला माहीत. आपण नुसतं ऐकायचं.

तर त्या सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर एक रेघ होती. डावीकडून डोंगर चढत-उतरत आलेली आणि मधेच एका जागी कड्यावरून कोसळावी तशी खाली गेलेली. खाली गेली ती तिथेच सपाट पडून राहिली. रेघ तिनेच काढून आणली होती. तिच्या वरिष्ठांनी, ज्यांना सगळं ऑफिस मथळेसाहेब म्हणायचं कारण ते साधं पाणी मागितलं तरी मथळा दिल्यासारखे मागायचे, त्या रेघेच्या सपाट भागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघा! शांत. एकदम शांत." टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या. आणि आपलेच तळहात एकमेकांवर आपटत असताना तिला वाटलं, हा शब्द आपण कुठेतरी असाच, याच सुरात, आनंदाने म्हटलाय. कुठे, ते आठवेना. खोलीतल्या गार हवेत तिच्या मानेवर एकदम घाम आला. कुणाच्या लक्षात आलं नाही. ती पाणी प्यायली, खुर्चीत नीट बसली, पण तो शब्द दातात अडकलेल्या धाग्यासारखा जिभेला लागत राहिला. शांत.

कंपनी बटणं करायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं, बोराएवढं, दोरीत ओवलेलं बटण. पडलात, घाबरलात, छातीत दुखलं, की दाबायचं. दाबलं की त्याच बटणातून आवाज येतो, "बोला, काय झालं? ठीक आहात ना?" कुठल्याशा दुसऱ्या इमारतीत कानाला यंत्र लावून बसलेल्या मुली असतात, त्यांच्यातल्या एकीचा. मग गरज असेल तसं शेजाऱ्याला, मुलाला, गाडीला कळवायचं. या बटणावर ती आठ-नऊ वर्षं लेख लिहीत होती. म्हणजे बटणावर नाही, बटणाच्या आसपास. कंटेंट म्हणतात त्याला. आईवडिलांशी कसं बोलावं, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या कुठे लावाव्यात, विस्मरण आणि म्हातारपण यांत फरक काय. लेख इतके चांगले असायचे की लोक ते वाचून बटण न घेताच सुखाने झोपी जात. हे तिला विक्रीवाल्यानेच हसत हसत सांगितलं होतं, "ताई, तुमचा लेख वाचला की माणसाला वाटतं आपण आईला भेटूनच आलो. मग कशाला घेतोय तो?" ती हसली होती, पण घरी जाताना बसच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा कुणीतरी पुसून टाकल्यासारखा दिसला होता. आपण लिहितो ते कुणाच्या हातात पडतं? कुणाच्याच नाही. डोळ्यांवरून जातं. त्यानंतर वर्षभराने तिनं अर्ज केला, लेखांच्या टेबलावरून वस्तूच्या टेबलावर. प्रॉडक्ट मार्केटिंग. तिथे लेख नसतात. तिथे तीन प्रश्न असतात: हे कुणासाठी, कशासाठी, आणि दुसरं सोडून हेच का. मथळेसाहेबांनी तिला घेतलं, पण कच्चं. "नवीन बटणाचं लाँच कर. नीट झालं तर तू इथली. नाही झालं तर तुझी जुनी खुर्ची कुठे पळून जात नाहीये," असं म्हणाले होते, आणि तिला खुर्ची पळताना दिसली होती, चार पायांवर, मागे वळून बघत.

नवीन बटणात एकच गोष्ट नवीन होती. ते नुसतं दाबून चालत नसे, तीन सेकंद दाबून धरावं लागे. कारण जुन्या बटणाला एक रोग होता: चुकीचे कॉल. भांडी घासताना, कूस बदलताना, नातवाला उचलताना दाबलं जायचं, आणि त्या इमारतीतल्या मुली दिवसभर "काय झालं?" विचारून "काही नाही, चुकून दाबलं गेलं" ऐकत बसायच्या. इंजिनिअरने खपून हा तीन सेकंदांचा उपाय काढला. आणि आधी काही घरांत ते देऊन बघावं असं ठरलं तेव्हा कोणती घरं हे तिनं निवडलं. नव्या टेबलावरचं तिचं हे पहिलं हुशारीचं काम. ज्यांचे चुकीचे कॉल सगळ्यांत जास्त, त्यांनाच नवं बटण द्यायचं, म्हणजे आधीचं आणि नंतरचं यांतलं अंतर डोळ्यांत भरेल. भरलंच. त्यातली सगळ्यांत उंच रेघ एका बाईंची होती, आणि सगळ्यांत सपाटही त्यांचीच. मथळेसाहेब म्हणाले, "जा, भेटून ये. त्यांच्या तोंडचं एक वाक्य आण. शुक्रवारी कंपनीच्या थोरल्यांसमोर तेच पहिलं वाक्य."

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. जिना अरुंद, कठड्याला नुकताच दिलेला हिरवा रंग हाताला चिकटणारा. पाटीवर नाव होतं पण शेजारपाजार त्यांना नकाशेबाई म्हणायचा, हे तिला खालच्या दुकानात पत्ता विचारतानाच कळलं. पाणीपुरवठा खात्यात त्या आयुष्यभर नकाशे काढत होत्या. कुठली नळवाहिनी कुठल्या रस्त्याखालून जाते, कुठे वळते, कुठे तिला झडप आहे. खोलीत अजून ते नकाशे काढायचं उतरतं मेज होतं, त्यावर आता औषधं, वर्तमानपत्र आणि एक कापलेलं अर्धं फळ. पेन्सिली मात्र उंचीप्रमाणे लावलेल्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी तिच्या हिरव्या तळहाताकडे पाहिलं.

"कठडा धरलात. सगळे धरतात. ती पाटी दिसत नाही का, ओला रंग म्हणून?"

"दिसली. पण हात आधीच गेला होता."

"बसा. मोरीत साबण आहे, धुऊन या आधी. बटण परत न्यायला आलात ना?"

"नाही नाही, आजी. तुमचा अनुभव विचारायला आले."

"अनुभव काय, गळ्यात आहे. वजन नाही. रंग वाईट आहे. मांजराच्या गळ्यात बांधतात तसं वाटतं. आमच्याकडे मांजर नाही म्हणून मीच."

ती हसली, हात धुऊन आली, वही न काढता बसली, कारण वही काढली की माणसं वहीशी बोलतात. आणि मग ठरवून आणलेला प्रश्न विचारला. नवं बटण आल्यापासून चुकून कॉल लागायचे बंद झालेत, आता बरं वाटत असेल?

"कुणाला?" नकाशेबाई म्हणाल्या.

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. धप्, धप्. ती थांबली. लेख लिहिताना अशा जागी ती पुढचा प्रश्न विचारायची, माणसाला आधार द्यायची, त्याचं वाक्य आपणच पुरं करून द्यायची आणि घरी येऊन ते आणखी छान करायची. आज का कोण जाणे, तिनं काहीच केलं नाही. नुसती बसली. गालिच्याचा आवाज थांबला.

"बाई," नकाशेबाई हळूच म्हणाल्या, "मी खात्यात होते तेव्हा माझ्या रेघेत चूक निघाली असं कधी झालं नाही. साहेब म्हणायचे, हिच्या नकाशावर डोळे मिटून कुदळ मारा. तुम्हाला काय वाटतं, दुपारचा चहा झाला की रोज माझं कोपर त्या बटणावर चुकून पडायचं?"

तिची नजर त्यांच्या कोपराकडे गेली.

"ती पोरगी विचारायची, काय झालं, ठीक आहात ना? मी म्हणायची, अगंबाई, चुकून दाबलं गेलं, माफ कर हं. ती म्हणायची, असू द्या आजी, जेवलात का? मी म्हणायची, जेवले. तुझ्याकडे ऊन आहे का गं, इकडे ढग आलेत. ती सांगायची. संपलं. मिनिटभर. कुणाचं काही घेतलं नाही. पुढे तिला सर्दी झालेली मला आवाजावरून कळायची." त्यांनी बटण दोरीसकट वर उचललं आणि चष्म्याजवळ धरून पाहिलं. "आता हे तुमचं नवं. तीन सेकंद धरायचं. तीन सेकंद एक बोट दाबून बसायचं आणि वर म्हणायचं चुकून? मला काही लाज आहे की नाही?"

आणि मग लगेच, तिचा चेहरा पाहून असेल, आवाज बदलून: "हे लिहू नका हं. तुम्ही लिहिणाऱ्या दिसता. त्या पोरींना वाटेल म्हातारी लबाड. मला काही तसं फार एकटं वगैरे वाटत नाही. माझी भाची येते. येते अधूनमधून. चहा घ्याल?"

तिनं चहा घेतला. कप उतरत्या मेजावर ठेवला तर घसरेल म्हणून शेवटपर्यंत हातातच धरून बसली.

जिना उतरताना तिला तो शब्द कुठला ते आठवलं. शांत. बाबा निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर ऑफिसात फोन करायचे. रिमोट चालत नाही. टीव्हीवर निळं आलंय. ते घड्याळ मागे कसं करायचं असतं? ती मीटिंगमध्ये, ती जेवणाच्या ताटावर, ती अर्ध्या वाक्यात. मग एका रविवारी ती घरी गेली आणि तिनं आपल्या हातात होती ती सगळी विद्या लावून बाबांसाठी कागदांवर एकेक गोष्ट लिहून दिली. मोठ्या अक्षरात, पायरी पायरीने, चित्रं काढून. निळं आलं तर काय, आवाज गेला तर काय. असं स्वच्छ लिहिणं तिनं ऑफिससाठीही कधी लिहिलं नव्हतं. कागद टीव्हीच्या शेजारी भिंतीवर लावले. बाबा चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचून म्हणाले होते, "वा. आता काही विचारायलाच नको." आणि खरंच नंतर फोन आले नाहीत. बहिणीला तिनं आनंदाने सांगितलं होतं, "बाबांचं आता एकदम शांत आहे गं." तोच सूर. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, ते कागद कुणी काढले, की काढलेच नाहीत आणि खोलीबरोबर गेले, हे तिला माहीत नव्हतं. बाबांना टीव्ही आवडत नसे. हे तिला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात येणं यांच्यामध्ये किती मोठा जिना असतो, देवा, आणि माणूस तो उतरतो ते नेहमी हात रंगवून घेऊन.

ऑफिसात परत येऊन तिनं त्या मुलींच्या इमारतीतून जुन्या कॉलची ध्वनिमुद्रणं मागवली. फक्त चुकीच्या म्हणून नोंदलेल्या कॉलची. कानात यंत्र घालून ऐकत बसली. एक पुरुषाचा घोगरा आवाज, "हात् तिच्या, लागलं वाटतं कोपर. काय, आज कोण आहे ड्युटीवर? कालच्या बाई नाहीत?" एक आजी, "चुकून गं. आणि काय म्हणतेस, झालं का लग्न ठरून?" एक जण तर काही बोललेच नाहीत, श्वास ऐकू येत होता, मुलगी विचारत होती ठीक आहात ना, ठीक आहात ना, आणि मग ते खाकरून म्हणाले, "हो. ठेवतो." आणि नकाशेबाईंचे, रोजचे, एकसारखे, पट्टीने आखल्यासारखे. प्रत्येक वेळी तेच आश्चर्य, अगंबाई. प्रत्येक वेळी नवं. तिला वाटलं ही प्रार्थनाच आहे एक प्रकारची. तेच शब्द, तीच वेळ, पलीकडे कुणीतरी आहे एवढीच खात्री करून घ्यायची आणि ते कबूल करायचं नाही. कंपनीने या सगळ्याला एक नाव दिलं होतं, रोग म्हटलं होतं, आणि तिनं आपल्या हाताने त्यातले सगळ्यांत आजारी निवडून त्यांना औषध पाजलं होतं. बरे झाले सगळे. शांत झाले.

आता शुक्रवार आडवा होता. शुक्रवारी थोरल्यांसमोर रेघ दाखवली की नवं बटण सगळ्या घरांत जाणार, जुनी परत घेतली जाणार. आणि रेघ दाखवली नाही तर ती आपल्या जुन्या खुर्चीत. तिथे वाईट काय होतं? काही नव्हतं. तिथे बसून ती एकटेपणावर पुन्हा लेख लिहील, लोक पुन्हा वाचतील, आणि नकाशेबाई दुपारी चहा पिऊन खिडकीकडे बघत बसतील. तिला पहिल्यांदा कळलं की तिला ही नवी जागा हवीय, नुसती मिळवून दाखवायला नाही. इथे बोट ठेवलं तर कुठेतरी काहीतरी हलतं म्हणून हवीय. आणि त्या जागेवर राहायचं तर बाईंचं गुपित फोडायला हवं, आणि बाईंनी तर तेवढंच करू नका म्हटलं होतं.

गुरुवारी ती मथळेसाहेबांकडे गेली. कुणाचं नाव न घेता, घर न सांगता, तिनं त्यांना सांगितलं की चुकीचे कॉल बहुतेक चुकीचे नव्हते. ते ऐकत होते तसतसे खुर्चीच्या टोकाला आले. डोळे चमकले. ती घाबरली, कारण ही चमक तिला ओळखीची होती.

"अगं, ही तर खाण आहे! आपण इतकी वर्षं रोग म्हणून लपवतोय ते खरं दुकान आहे आपलं! ऐक. 'बोलावंसं वाटलं? दाबा.' बस! एवढंच! दुसरं बटणच काढू, गप्पांचं. सुखदुःखाच्या गप्पा. त्या आजी कोण त्या, कॅमेऱ्यासमोर येतील?"

"नाही येणार. आणि साहेब, ते बटण कुणी दाबणार नाही."

"का नाही दाबणार? त्यांना बोलायचंय ना?"

"बोलायचंय. पण बोलायचंय असं म्हणायचं नाहीये."

"हे काय कोडं घालतेस?"

"कोडं नाही. ते दाबलं की कबूल करावं लागेल."

"काय कबूल करावं लागेल?"

तिनं तोंड उघडलं आणि तो शब्द तिला बोलता येईना. इतक्या लेखांच्या डोक्यावर तिनं तो लिहिला होता, त्याची लक्षणं, कारणं, त्यावरचे उपाय. आता तो जिभेवर आला आणि नकाशेबाईंचा चेहरा दिसला, मला तसं काही वाटत नाही म्हणताना चहाचा डबा शोधायला वळलेला. मथळेसाहेब मागे टेकले.

"बरं, मग एक कर. लाँच होऊ दे ठरल्यासारखं, आणि तू यावर एक सुंदर लेख लिही. तुझं ते, वाचून घसा दाटून येतो तसलं. कुणी नाही म्हणणार नाही. तुला जमतं ते."

तिला जमत होतं. तिथे उभ्या उभ्या लेखाची पहिली ओळ तिच्या मनात आली, आणि चांगली होती. तिनं ती ओळ तशीच जाऊ दिली. असं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. मग तिनं फोन पुढे केला. "आधी हे ऐका. एकच ऐका." तो न बोलणारा माणूस. श्वास. ठीक आहात ना? ठीक आहात ना? "हो. ठेवतो." मथळेसाहेबांनी यंत्र कानातून काढलं, रुमालाने पुसून तिला परत दिलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. म्हणाले, "मथळा चांगलाच आहे पण. उद्या मी मांडणार तो." आणि जेवायला निघून गेले.

शुक्रवारी थोरले बसले होते, इंजिनिअर नवा शर्ट घालून आला होता. ती उभी राहिली. पडद्यावर रेघ. ती म्हणाली, "नवं बटण उत्तम आहे. हे रुग्णालयांसाठी आहे. तिथे एका खोलीत पाच-सहाजण असतात, एकाचं चुकून लागलं की नर्स दुसऱ्याला सोडून धावते. तिथे तीन सेकंद सोन्यासारखे आहेत. घरांसाठी हे नाही. घरांत जुनंच राहू द्या. आणि ज्यांना आपण नवं दिलं त्यांना जुनं परत द्या."

"का?" सगळ्यांत थोरल्यांनी विचारलं. "ही रेघ तर उलट सांगतेय."

इथे खरं कारण होतं. ते सांगितलं की सगळं सुटत होतं, आणि सगळं संपतही होतं. सांगितलं की उद्या त्या मुलींना सूचना जाणार, म्हातारी माणसं मुद्दाम दाबतात, त्यांच्याशी गोड बोला. आणि मग एखाद्या दुपारी कोपर लागल्यावर "चुकून" म्हणायच्या आधीच पलीकडून आवाज येणार, बोलायचंय का आजी? आणि नकाशेबाई बटण गळ्यातून काढून ठेवणार, कायमचं. वस्तू कुणासाठी, कशासाठी, हे सांगायचा तिचा धंदा. आणि ही वस्तू ज्यासाठी होती ते सांगितलं की ती वस्तू उरत नव्हती.

"त्यांचे हात कापतात," ती म्हणाली. "म्हातारे हात. तीन सेकंद धरवत नाही."

"असं कसं?" इंजिनिअर उसळला. "आम्ही तपासलंय ते! ऐंशीच्या माणसांवर तपासलंय! कापणारे हात धरूनच तर केलंय!"

त्याचं बरोबर होतं. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिनं मथळेसाहेबांकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. ते पुढे सरकले होते, तळवे टेबलावर, खांदे वर, मथळा द्यायच्या आधी सरकायचे तसे. गालाचा स्नायू हलला. ओठ त्या पहिल्या अक्षरासाठी मिटले, तिला ते स्पष्ट दिसलं. आत्ता. तिनं डोळे खाली घातले आणि मनातल्या मनात, जसं लहानपणी परीक्षेच्या वर्गात म्हणायची तसं, नुसतं देवा म्हटलं, पुढे काही मागितलं नाही.

"हो," मथळेसाहेब म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता, साधा होता, घरातला होता. "हात कापतात. मीही बघितलंय. घरात नको."

थोरल्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. अर्धंच लाँच, म्हणाले, आणि तेही शेवटच्या घटकेला. इंजिनिअर पुढे कितीतरी दिवस दोघांशी बोलला नाही, आणि त्याची चूक नव्हती. मथळेसाहेबांना त्या वर्षी मिळणार होती ती वरची जागा मिळाली नाही. ती गेली दुसऱ्या कुणाला तरी; त्याच्याकडे गप्पांचा मथळा नव्हता, पण गाजावाजा मोठा होता. तिला कायम केलं नाही, घालवलंही नाही. कच्चीच राहा, बघू, असं झालं. घरी तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तू खोटं बोललीस, आणि साहेबही?" ती म्हणाली, "चुकून." आणि मग इतका वेळ रडली की त्याला काय करावं ते कळेना, तो नुसता पाठीवर हात ठेवून बसला.

जुनं बटण नकाशेबाईंकडे परत गेलं. त्या दाबतात का, किती वाजता, पलीकडे कोण असतं, हे मला विचारू नका. तिलाही ठाऊक नाही. बघता येत होतं, दोन कळा दाबल्या की दिसलं असतं. ती बघत नाही. मथळेसाहेब आणि ती त्या शुक्रवाराबद्दल कधी बोलले नाहीत. ते अजून पाणी मथळ्यातच मागतात.

तर बायांनो, बाबांनो, गोष्ट झाली. नकाशेबाई तुमच्या लक्षात राहतील, त्या तशाच आहेत, त्यांच्यासाठी मला काही मागायला नको. मागणं आहे ते दुसऱ्यासाठी. जन्मभर ज्या माणसाने शब्द विकून पोट भरलं, त्याच्या ओठांवर त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला मथळा आला होता, आणि त्याने तो गिळला. त्याने का गिळला, त्या श्वासात त्याला कुणाचा श्वास ऐकू आला, हे आपल्याला कळायचं नाही, आणि कळायची गरजही नाही. तुम्ही संध्याकाळी हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर थांबा, आणि त्या माणसाची आठवण ठेवा.